हजेरी वही आणि मागचा नाला

फूड टेक्नॉलॉजी करून सोलापूरला परतलेली मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, लीड ऑडिटरचा कोर्स करू का?" म्हणजे कारखान्यांची तपासणी करणाऱ्या पथकाचा प्रमुख होण्याचा कोर्स. करा, पण आधी एक हंगाम कारखान्यात काढा. कोर्समध्ये मानकांची कलमं कळतात. कारखान्यात कुठे बघायचं, ते तिथं राबल्याशिवाय कळत नाही.

मी पंढरपूरकडच्या एका बेदाणा युनिटला क्वालिटीत लागले. आयएसओ २२००० ची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या मानकाची, फाईल चोख होती. मग परदेशी खरेदीदाराने स्मेटा ऑडिट मागितलं, म्हणजे कामगारांचे हक्क, सुरक्षितता, पर्यावरण आणि व्यवहारातली सचोटी यांची तपासणी. ऑडिटर बाईंनी माझी फाईल बाजूला सारली आणि हजेरी वही मागितली. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात. सगळ्या बायका रोज आठला हजर, पाचला घरी. मग ऑडिटर बाई निवडणीच्या टेबलाशी गेल्या, आम्हाला बाहेर थांबवून बायकांशी बोलल्या. हंगामात काम रात्री आठपर्यंत चालायचं आणि जादा तासांचे पैसे किलोच्या दरातच "धरलेले" असायचे. कायद्याने जादा तासाला दुप्पट मजुरी द्यावी लागते. त्या वहीवर माझीही सही होती. न विचारता केलेली. ती बोच अजून जात नाही.

पुढच्या हंगामात थंब मशीन बसलं, पगाराची चिठ्ठी मराठीत मिळू लागली.

नवख्यांचा एक घोळ नेहमीचा. स्मेटा हे प्रमाणपत्र नव्हे. त्यात पास-नापास नसतं, अहवाल असतो. एसए ८००० या कामगार हक्कांच्या मानकाचं मात्र प्रमाणपत्र मिळतं. त्यात आठवड्याला ४८ तास आणि वर जास्तीत जास्त १२ तास जादा काम, तेही कामगाराच्या राजीखुशीने. आणि मानकं लिहिणारी आयएसओ संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते प्रमाणन संस्था देतात. "आम्हाला आयएसओने सर्टिफिकेट दिलं" असं मुलाखतीत बोलू नका.

पर्यावरणाचं शिकायचं तर शेडच्या मागे जा. बेदाणा धुतलेलं पाणी नुसतं गढूळ दिसतं, पण त्यात साखर उतरलेली असते. दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो, माशा घोंगावतात. ते नाल्यात सोडलं की साखर खाणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. आयएसओ १४००१ या पर्यावरणाच्या मानकात कामाचे पर्यावरणावर होणारे परिणाम शोधायला सांगतात, ते हेच. सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र काढून वाचा. किती पाणी, कुठे सोडायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मग मीटरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा.

चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत इंटर्नशिप मिळाली, तर लॅबसोबत आठवडाभर हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसलाही बसू द्या म्हणावं. आणि संध्याकाळी शिफ्ट सुटते तेव्हा गेटवर उभं राहून घड्याळ बघावं.