लिनक्स एका डिस्कवर, ग्रब भलत्याच डिस्कवर: या चुका टाळा

विंडोज एनव्हीएमई डिस्कवर, लिनक्स वेगळ्या साटा एसएसडीवर, म्हणजे एकाचा दुसऱ्याला त्रास नको, असा बेत करून बरेच जण उबुंटू किंवा मिंट टाकतात. सगळं सुरळीत चालतं. पुढे कधीतरी विंडोजची डिस्क काढली किंवा फॉरमॅट केली की लिनक्सही सुरू होत नाही. लिनक्सच्या डिस्कला तर हातही लावलेला नसतो.

कारण बूटलोडर (संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम चालू करणारा प्रोग्रॅम, लिनक्सचा म्हणजे ग्रब) लिनक्सच्या डिस्कवर नव्हताच. यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारं फर्मवेअर) असलेल्या मशीनवर तो ईएफआय सिस्टिम पार्टिशनमध्ये, म्हणजे फॅट३२ फॉरमॅटच्या छोट्या ईएसपीमध्ये राहतो. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर युबिक्विटी 'बूटलोडर कोणत्या डिस्कवर' असं विचारतो खरा, पण यूईएफआयमध्ये तुमचं उत्तर बाजूला ठेवून सापडलेलं पहिलं ईएसपी वापरतो. हा बग २०१४ पासून नोंदलेला आहे. विचारायचं आणि ऐकायचं नाही, याला काय म्हणावं!

म्हणून इन्स्टॉल करण्याआधी विंडोजची डिस्क सरळ काढून ठेवा. एनव्हीएमई ग्राफिक्स कार्डाखाली अडकली असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरच्या (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या) जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅममध्ये तिच्या ईएसपीचे 'बूट' आणि 'ईएसपी' हे फ्लॅग तात्पुरते काढा आणि काम झाल्यावर आठवणीने परत लावा. लिनक्सच्या डिस्कवर ५१२ एमबीचं स्वतंत्र ईएसपी मात्र करायलाच हवं.

इन्स्टॉल आधीच झालं असेल तर? ग्रब-इन्स्टॉल ही कमांड '/बूट/ईएफआय'वर जे पार्टिशन माउंट असेल (जोडलेलं असेल) तिथेच लिहिते, आणि ते ठरतं एफएसटॅब फाइलमधल्या (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) यूयूआयडीवरून, म्हणजे पार्टिशनच्या ओळख-क्रमांकावरून. तिथे विंडोजच्या ईएसपीचा यूयूआयडी असेल, तर कितीही वेळा ग्रब टाका, तो तिकडेच जाणार. नव्या ईएसपीचा यूयूआयडी घाला, जुनं अनमाउंट करून नवं माउंट करा आणि मगच कमांड चालवा.

दुसरी चूक पेनड्राइव्ह बूट करतानाची. बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह बरेचदा दोनदा दिसतो, एकदा नावामागे 'यूईएफआय' लावून आणि एकदा नुसता. नुसता निवडला की लिनक्स लीगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या, मोडमध्ये बसतं. विंडोज यूईएफआयमध्ये असेल, तर तो ग्रब विंडोज सुरू करू शकत नाही. लाइव्ह सेशनमध्ये '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' फोल्डर आहे का, एवढं बघितलं की शंका मिटते.

स्क्रीनवर काय दिसतंय ते न वाचता पुन्हा इन्स्टॉल करायला बसणं, ही सर्वात महागडी चूक. थेट विंडोज उघडत असेल तर ग्रब बहुधा शाबूत असतो, फक्त बूट ऑर्डर बदललेली असते. बायोसमध्ये (यूईएफआयच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन 'उबुंटू' वर आणा, झालं. 'ग्रब रेस्क्यू' दिसलं तर ग्रबचा गाभा लोड झालाय, पण त्याला त्याची मॉड्यूल्स (बाकीचे भाग) सापडत नाहीत. नुसतं 'ग्रब' आणि पुढे बाणाची खूण असेल, तर मॉड्यूल्स आहेत, मेन्यूची फाइल सापडत नाही.

हा शेवटचा प्रकार सहज सुटतो. उबुंटूच्या ईएसपीत ग्रबची जेमतेम तीन ओळींची फाइल असते: अमुक यूयूआयडीचं पार्टिशन शोध, तिथलं ग्रबचं फोल्डर धर, तिथली खरी मेन्यू फाइल उघड. रूट पार्टिशन (लिनक्स ज्यात बसतं ते) फॉरमॅट झालं की यूयूआयडी बदलतो आणि पहिल्याच ओळीला गाडी अडते. प्रॉम्प्टवर 'एलएस' लिहा. 'एचडी०, जीपीटी१' अशी यादी येईल. कोणत्या पार्टिशनमध्ये बूट फोल्डर आहे ते एकेक उघडून बघा (इथला एचडी० म्हणजे लिनक्समधली एसडीए डिस्क असेलच असं नाही) आणि 'कॉन्फिगफाइल' कमांडला तिथल्या ग्रबच्या मेन्यू फाइलचा पूर्ण पाथ द्या. मेन्यू येतो. लिनक्समध्ये शिरल्यावर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवा.

मेन्यूत फक्त विंडोज दिसत नसेल, तर कारण असं की २०२१ च्या ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) मुळातच बंद असतो. ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये तो सुरू करून अपडेट-ग्रब चालवलं की पुरतं.