पाकिटावरचं लेबल वाचताना या चुका टाळा

लोक लेबल वाचत नाहीत ही तक्रार आता जुनी झाली. वाचतात, पण नको तो रकाना वाचतात.

शेवेचं २०० ग्रॅमचं पाकीट घ्या. समजा १०० ग्रॅममागे सोडियम ८०० मिलिग्रॅम आणि 'एक सर्व्हिंग', म्हणजे कंपनीने धरलेला एका वेळचा वाढा, ३० ग्रॅम. एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या मर्यादेचा किती वाटा जातो, हे सांगणाऱ्या टक्क्यांच्या रकान्यात दिसतात १२ टक्के, आणि वाचणारा निर्धास्त होतो. पण ३० ग्रॅम शेव खाऊन थांबतो कोण? दोघांनी चहाबरोबर पाकीट संपवलं, की प्रत्येकी १०० ग्रॅम शेव पोटात गेली. म्हणजे दिवसाच्या २००० मिलिग्रॅम सोडियमपैकी ४० टक्के वापरलं, रात्रीचं जेवण अजून बाकीच. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं: इथे २ ग्रॅम. उपाय साधा आहे. आपली नेहमीची वाटी एकदा काट्यावर भरून मोजा आणि कायम १०० ग्रॅमचाच रकाना बघा. दोन ब्रँडची तुलनाही त्याच रकान्यावर करा, कारण सर्व्हिंग प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. शिवाय ते टक्के २००० कॅलरी खाणाऱ्या प्रौढाचे असतात. पोराच्या डब्याला ते लावू नका.

दुसरी आवडती चूक: 'शुगर फ्री' बिस्किटं. १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसली की हा दावा करता येतो. मैद्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मधुमेह असलेल्या घरात हीच बिस्किटं पाच-सहा खाल्ली जातात आणि मग शुगर का वाढली म्हणून डॉक्टरांना विचारलं जातं. आधी एकूण कार्बोहायड्रेट बघा, मग घटकांची यादी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिला मैदा असेल, तर पुढचं 'मल्टिग्रेन' हे नाव सोडून द्या आणि त्या धान्यांपुढे कंसात किती टक्के लिहिलंय ते शोधा. माल्टोडेक्स्ट्रिन या स्टार्चपासून बनवलेल्या पावडरीवरही नजर ठेवा. साखरेच्या ओळीत ते मोजलं जात नाही, पण रक्तातली साखर झटकन चढवतं.

'ट्रान्स फॅट नाही' वाचून खूश होऊ नका. त्याच पाकिटात पाम तेल असू शकतं, आणि त्यातलं जवळपास निम्मं फॅट सॅच्युरेटेड, म्हणजे तेही जपूनच खायचं, असतं. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो.

स्कॅन करून तारे देणाऱ्या अ‍ॅपवर विसंबणाऱ्यांना काय सांगणार? तुम्ही किती खाता हे अ‍ॅपला ठाऊक नसतं.

सूपच्या पाकिटावरचे आकडे कोरड्या पावडरचे आहेत की तयार सूपचे, हे आधी तपासा. नूडल्सचं मीठ बरंचसं मसाल्याच्या पुडीत असतं, अर्धीच घाला.