सान हुआनहून क्रूझ घेताय? जहाजावर चढण्याआधीची तयारी

जहाज रविवारी सुटणार असेल तर सान हुआनला, म्हणजे कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटाच्या राजधानीत, शनिवारी सकाळीच पोचायचं, ही यादीतली पहिली नोंद. विमानाला उशीर झाला तरी जहाज चुकत नाही, हा फायदा आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. १५२१ पासून वसलेलं हे बंदर म्हणजे अख्ख्या सहलीतलं सर्वांत मोलाचं ठिकाण आहे, आणि बहुतेक कुटुंबं ते टॅक्सीच्या खिडकीतूनच बघतात. फार वाईट वाटतं.

कागदपत्रं आधी उरकून घ्या. प्वेर्तो रिको अमेरिकेच्या अखत्यारीत येतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचाच व्हिसा लागतो. जहाज इतर बेटांना लागून सान हुआनला परततं तेव्हा तो अमेरिकेत पुन्हा प्रवेश ठरतो. म्हणून भारतातून आलेल्या आईबाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, ते पाहा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्टातल्या व्हिसाची मुदत तपासावी, नुसत्या आय-७९७ वर, म्हणजे मंजुरीच्या नोटिशीवर, कॅरिबियनमधून परत येता येत नाही. वाटेतल्या प्रत्येक बेटाचे व्हिसाचे नियम वेगळे, ते बेटागणिक बघावे लागतात. पासपोर्ट, रोजची औषधं, मुलांचा एकेक कपड्यांचा जोड आणि पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होऊ शकते.

हॉटेल जुन्या शहरात घ्या. हे जुनं शहर एका छोट्या बेटावर आहे, सगळं पायी फिरता येतं. मात्र रस्ते चढउताराचे आणि निळसर विटांनी फरसबंद केलेले आहेत. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून केलेल्या या विटा पावसानंतर चकाकतात आणि निसरड्याही होतात. तेव्हा बाबागाडीऐवजी बाळाला अंगाशी बांधायची झोळी आणि सगळ्यांच्याच पायात तळ न घसरणारे बूट हवेत. आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर किल्ल्यापर्यंत टॅक्सी करा, उगाच हट्ट नको.

किल्ले दोन आहेत, सान क्रिस्तोबल आणि एल मोरो, आणि एकाच तिकिटात दोन्ही होतात. तिकीट चोवीस तास चालतं, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत. सकाळी सान क्रिस्तोबल करा. स्पॅनिशांनी अमेरिका खंडांत बांधलेला हा सर्वांत मोठा किल्ला. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूसाठी एल मोरो होताच, पण १५९८ मध्ये इंग्रजांनी आणि १६२५ मध्ये डचांनी जमिनीच्या बाजूने हल्ला चढवला, म्हणून पुढे तिकडची वाट अडवायला हा उभा राहिला. एवढी गोष्ट मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवली की तोफांची तोंडं कुठे वळलेली आहेत ते ती स्वतःच शोधतात. खाली पावसाचं पाणी साठवायची पाच प्रचंड टाकी आहेत. सिंधुदुर्ग किंवा रायगड पाहिलेल्या मुलाला ती दाखवा आणि वेढा पडल्यावर आत काय हवं, हे त्यालाच विचारा. भुयारातून जाताना अंधारकोठडी चुकवू नका: भिंतीवर कुणा कैद्याने काढलेली शिडांची जहाजं आहेत, डोलकाठ्या आणि दोरखंडांसकट. डोळे अंधाराला सरावेपर्यंत तिथे थांबा, मग एकेक रेघ दिसायला लागते.

तिथून एल मोरो साधारण वीस मिनिटांच्या चालीवर, समुद्र उजव्या हाताला ठेवून. ऊन तळपतं आणि किल्ल्यासमोरच्या विस्तीर्ण हिरवळीवर सावली जवळजवळ नाही. टोपी, सनस्क्रीन आणि माणशी एक पाण्याची बाटली लागेलच. पतंग मात्र आठवणीने घ्या. इथली मुलं याच हिरवळीवर पतंग उडवतात आणि वारा अगदी हवा तसा असतो. किल्ला १५३९ पासून बांधत बांधत सहा मजली झाला. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकचा हल्ला परतवला तो इथूनच. दुपार टळल्यावर उतरून सान हुआनच्या लाल वेशीतून आत या. गलबतातून उतरलेली माणसं इथून सरळ चढावरच्या कॅथेड्रलमध्ये आभार मानायला जात. तिथेच प्वेर्तो रिकोचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर पोन्से दे लेओन याची कबर आहे.

जेवायला मोफोंगो सांगा: कच्ची केळी तळून लसणाबरोबर खलबत्त्यात कुटतात. त्यात डुकराची कुरकुरीत चरबी घालायची पद्धत आहे, आणि राजमा-भाताच्या रश्शातही हॅमचे तुकडे असू शकतात. शाकाहारी असाल तर मागवण्याआधी दोन्हींबद्दल स्पष्ट विचारा. मुलांना हातगाडीवरचा पिरागुआ, म्हणजे आपला बर्फाचा गोळाच.

जहाज कुठल्या धक्क्याला आहे ते तिकिटावर पाहून ठेवा. काही जुन्या शहरासमोरच लागतात, तर पॅन अमेरिकन धक्का खाडीपलीकडे आहे, बॅगा घेऊन तिथे टॅक्सीनेच जावं लागतं. हिवाळ्यात इथलं घड्याळ न्यूयॉर्कच्या तासभर पुढे असतं, तेव्हा चढण्याची वेळ स्थानिक घड्याळाने मोजा. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, त्या काळात प्रवासविमा हवाच. आणि परतीच्या विमानाआधी सान हुआनच्या विमानतळावर बॅगांची शेतीखात्याची तपासणी होते. बेटावर घेतलेला आंबा असेल तर तो त्याआधीच खाऊन संपवा.