फोटो सर्व्हरवर पोचला, पण उघडेना

पहिल्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात काम मिळालं: गोदामातल्या मशीनवरचे फोटो सर्व्हरवर पाठवायची स्क्रिप्ट लिहायची. कर्लची (कमांड देऊन सर्व्हरला डेटा पाठवणारं साधन) एक ओळ लिहिली, सर्व्हरकडून २०० ओके, म्हणजे 'काम झालं' असा कोड आला, मी चहाला गेलो. परत येऊन बघतो तर एकही फोटो उघडेना.

दोन दिवस सर्व्हरच्या कोडवर संशय घेण्यात गेले. शेवटी शेजारी बसणारी सीनियर म्हणाली, "अरे, दोन्हीकडची साइझ तरी बघितलीस का?" नव्हती बघितली. मूळ फाइल २०० केबीच्या आसपास, पोचलेली दोनेक केबीने कमी.

चूक माझ्याच ओळीत होती. कर्लला 'डॅश डी' देऊन फाइल वाचायला सांगितली की ते तिला मजकूर समजतं आणि ओळ मोडणारी अक्षरं आणि शून्य किमतीचे बाइट गाळून टाकतं. मजकुरात ते खपतं. फोटोत मात्र ०, १० आणि १३ या किमतींचे बाइट (१० आणि १३ म्हणजे ओळ मोडणारी अक्षरं) कुठेही येतात आणि त्यांचा ओळींशी काही संबंध नसतो. बाइटच्या २५६ शक्य किमतींपैकी तीन गेल्या, म्हणजे टक्काभर फाइल गेली. 'डॅश डी'ऐवजी 'डेटा-बायनरी' लिहिलं आणि फोटो उघडला. सोबत कंटेंट-टाइप (डेटा कोणत्या प्रकारचा आहे ते सर्व्हरला सांगणारं हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) 'इमेज/जेपेग' असा स्वतः द्यावा लागतो, नाहीतर कर्ल वेब फॉर्मचा प्रकार लावून मोकळं होतं.

तेव्हापासून मी आधी साइझ बघतो. बाइटांना वाटेत कुणी हात लावला, ते तीच सांगते. थोडी घटली तर वरचा प्रकार. बरोबर एक तृतीयांश वाढली तर बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) उलगडायचं राहिलंय, कारण त्यात ३ बाइटांची ४ अक्षरं होतात. (जेसनमध्ये, म्हणजे डेटा पाठवायच्या मजकुरी स्वरूपात, फोटो कोंबायचा हट्ट असेल तर हा भुर्दंड भरावाच लागतो. मला तो पटत नाही.) दुपटीकडे झुकली तर कुणीतरी फाइल यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची प्रचलित पद्धत) मजकूर म्हणून वाचली आहे: न समजलेल्या बाइटांच्या जागी तीन-तीन बाइटांचं प्रश्नचिन्हवालं अक्षर बसतं. मूळ बाइट गेले ते गेलेच, ती फाइल दुरुस्त होत नाही. पायथनमध्ये फाइल 'आरबी' मोडमध्ये (बाइट जसेच्या तसे वाचणाऱ्या) उघडायची ती यासाठीच.

फोटोबरोबर नाव, तारीख पाठवायची असेल तर मल्टिपार्ट (एकाच विनंतीत अनेक भाग पाठवायची पद्धत) वापरा. ब्राउझरमध्ये फॉर्मडेटा (असे भाग जुळवून देणारी जावास्क्रिप्टमधली वस्तू) देताना कंटेंट-टाइप मात्र हाताने लिहू नका. भाग वेगळे करणारी बाउंड्री ब्राउझर स्वतः ठरवतो आणि त्याच हेडरमध्ये लिहितो. तुम्ही हेडर लिहिलंत की बाउंड्री गायब, आणि सर्व्हरला एकही भाग सापडत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

एवढं सगळं जमल्यावर एका मोठ्या फोटोला ४१३, म्हणजे 'डेटा फार मोठा' असा एररचा कोड आला. मी पुन्हा बाइट मोजायला बसलो. कोड ठीक होता. आमच्या सर्व्हरच्या पुढे बसवलेल्या एनजिनएक्सची (विनंत्या आधी घेणारा वेब सर्व्हर) अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते, ती कुणी वाढवलीच नव्हती.