पुस्तक आतल्या कपाटात ठेवू नका

ग्रंथपालन प्रमाणपत्र करून वाचनालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहितेय. वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची, म्हणजे तालिका करणं), दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी वही) हे सगळं अभ्यासक्रमात असतं. 'हे पुस्तक काढून टाका' म्हणत कुणी काउंटरशी उभं राहिलं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सांगलीतलं माझं पहिलंच वर्ष. एक निवृत्त गुरुजी, जुने सभासद, एका संताच्या चरित्राची चिकित्सा करणारं पुस्तक घेऊन आले. "मॅडम, असलं पोरांच्या हातात देता?" मी घाबरले. कार्यकारी मंडळातल्या एकांनी सांगितलं, "वाद नको, आत ठेवून द्या." ठेवलं. तीन महिन्यांनी एम.ए.ची एक मुलगी नेमकं तेच मागायला आली. नोंदीत पुस्तक होतं, रॅकवर नव्हतं. "सापडत नाही," म्हणाले मी. मिरजेहून एसटीने आली होती बिचारी. ते खोटं अजून टोचतं.

2019 च्या महापुरात कृष्णेच्या पाण्याने सांगलीत कितीतरी पुस्तकांचा लगदा झाला. अशी पुस्तकं बाद करताना दाखल क्रमांक, कारण, मंडळाचा ठराव, सगळं कागदावर येतं. लपवलेल्या पुस्तकाचा कागदच नसतो. वाचकाने दाद मागायची कुणाकडे?

सरकारी बंदीलासुद्धा रीत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 खाली (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 95) राज्य सरकारला कारणं देऊन अधिसूचना काढावी लागते आणि तिला 2 महिन्यांत उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. 'यावर बंदी आहे' असं कुणी सांगितलं, तर अधिसूचना दाखवा म्हणा. नम्रपणे, पण म्हणाच.

आता मी आधी ऐकून घेते. खुर्ची देते, पाणी देते. मग कोरा कागद: पूर्ण वाचलंत का, कोणत्या पानावर आक्षेप आहे, काय व्हावं असं वाटतं? खाली सही. अर्ज मंडळाच्या सभेपुढे जातो, ठराव इतिवृत्तात येतो, आणि तोवर पुस्तक रॅकवरच राहतं. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने तर 1939 मध्येच वाचकांच्या हक्कांची सनद स्वीकारली. लेखी आक्षेपाची पद्धत तिथे रुळलेली आहे.

आक्षेप घेणारा आपला शत्रू नव्हे. एकदा एक आई वयात येण्यावरचं पुस्तक घेऊन तणतणत आली. बोलता बोलता कळलं, ते बालविभागात लागलं होतं आणि तिच्या आठ वर्षांच्या मुलीने उचललं होतं. चूक आमचीच होती. पुस्तक कुमारांच्या रॅकवर गेलं, तालिकेतली जागाही त्याच दिवशी बदलली. तालिका न बदलता हलवलं असतं, तर तेही लपवणंच झालं असतं.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयाविषयीचे 1931 चे पाच सिद्धांत परीक्षेसाठी घोकले होते. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' याचा अर्थ त्या मिरजेच्या मुलीने शिकवला. गुरुजींचं ते पुस्तक मी पुढे कपाटातून काढून रॅकवर लावलं. तिचा फोन नंबर मात्र मी घेतला नव्हता.