मोठं जहाज बंदरात आणताय? पाण्याच्या हिशोबातल्या या चुका टाळा

नवीन मुलांचे पॅसेज प्लॅन (प्रवासाच्या मार्गाचे आराखडे) तपासायला घेतले की तेच दिसतं, चार्टवरची (सागरी नकाशावरची) खोली अधिक भरती वजा ड्राफ्ट (जहाज पाण्याखाली किती बुडालंय ते), झाला हिशोब. अरे पण हा उभ्या जहाजाचा हिशोब झाला! चालतं जहाज पाण्यात आणखी खाली बसतं, तोच स्क्वाट, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ०.८ ब्लॉक कोएफिशंटचं (म्हणजे पाण्याखालचा भाग किती ठोकळ्यासारखा आहे त्याचा आकडा) भरलेलं बल्क कॅरियर (सुट्या मालाचं जहाज) अरुंद चॅनलमध्ये १० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) गेलं तर स्क्वाट काढायच्या बॅरासच्या सोप्या सूत्राने १.६ मीटर बसतं, ५ नॉटला फक्त ०.४.

'क्वीन एलिझाबेथ २' या प्रवासी जहाजाचं काय झालं ते प्रत्येकाने वाचावं. ७ ऑगस्ट १९९२, अमेरिकेत कटीहंक बेटाजवळ, पायलट (तिथल्या पाण्याचा जाणकार वाटाड्या) ब्रिजवर (जहाज चालवतात त्या कक्षात), वेग २५ नॉटच्या आसपास. चार्टवर ३९ फूट, जहाजाचा ड्राफ्ट ३२ च्या आसपास, म्हणजे कागदावर सगळं ठीक. तळ खडकांवर घासून फाटला. तिथला सर्व्हे १९३९ चा होता, आणि एवढ्या वेगात जहाज किती बसेल याचा अंदाज ब्रिजवर कोणालाच नीट नव्हता.

मागे एका बंदराच्या तोंडाशी आमचा सेकंड मेट (मार्ग आखणारा अधिकारी) म्हणाला, "सर, भरती निघून जाईल, वेग ठेवू या ना." तेवढ्यात जहाज थरथरायला लागलं, सुकाणू जड, मागे गढूळ पाणी उसळतंय, म्हणजे तळ जवळ आला. इंजिन डेड स्लो (अगदी हळू) केलं, थरथर थांबली. घाई असेल तर पुढची भरती धरा, मी तर सरळ नांगर टाकून थांबतो. मुंबईत उधाणाला ओहोटीच्या मधल्या दोन तासांत तासाला मीटरभर पाणी उतरतं, तिथे "होईल मॅनेज" चालत नाही.

वळताना जहाज कलतं हेही धरा. ४८ मीटर रुंदीचं जहाज २ अंश कललं की एका बाजूने ८० सेंटीमीटरच्या वर खाली जातं.

नदीतल्या बंदरात गोड्या पाण्याने ड्राफ्ट वाढतो, पाण्याची डेन्सिटी (घनता) विचारून घ्या.

एक्डिसवर (इलेक्ट्रॉनिक चार्टच्या यंत्रावर) सेफ्टी कॉंटूर (त्याहून उथळ पाणी धोक्याचं दाखवणारी खोलीची रेषा) स्वतः सेट करा, नाहीतर तो ३० मीटरच धरून बसतो, उथळ चॅनलमध्ये नुसते अलार्म, आणि मग कंटाळून पोरं अलार्मच बंद करतात. याचा मला खरंच राग येतो.

टाइड टेबलची वेळ आणि जहाजाचं घड्याळ एकाच टाइम झोनमध्ये आहे ना ते बघा. आणि ड्रेज केलेल्या (गाळ उपसून खोल केलेल्या) चॅनलचा शेवटचा सर्व्हे कधी झाला ते पायलटला विचारा, विशेषतः पावसाळ्यानंतर, कारण गाळ साचलेला असतो.