हंगेरीच्या नेत्याची कारकीर्द कशी वाचायची: हॉर्न ज्युला यांचं उदाहरण

पहिलं म्हणजे नाव नीट ओळखा, हंगेरीत आडनाव आधी लिहितात, त्यामुळे 'हॉर्न ज्युला' आणि 'ज्युला हॉर्न' हा एकच माणूस.

मग एक कागद घ्या आणि फक्त पदं न् तारखा लिहा. मे 1989 ला परराष्ट्रमंत्री, 1994 ते 1998 पंतप्रधान. आता त्याच्या शेजारी घटना लिहा, खरी मजा इथेच येते! 27 जून 1989 ला ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री आलोइस मोक यांच्यासोबत हंगेरी-ऑस्ट्रिया सीमेवरची काटेरी तार कापतानाचा फोटो सगळ्यांना माहितीये, पण कुंपण काढायचं काम 2 मेलाच सुरू झालं होतं, म्हणजे हॉर्न मंत्री व्हायच्या आधी, त्यामुळे फोटोवरून श्रेय ठरवू नका. माझ्या मते त्यांचा खरा मोठा निर्णय सप्टेंबरचा, 11 तारखेपासून पूर्व जर्मनीच्या लोकांना ऑस्ट्रियात जायला सीमा उघडली, हजारो लोक निघाले, आणि दोन महिन्यांत बर्लिनची भिंत पडली.

फक्त कौतुक वाचून थांबू नका हं. 1956 चा हंगेरीतला कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचा उठाव चिरडल्यावर हॉर्न सरकारी मिलिशियात (सशस्त्र दलात) होते, आणि 2007 ला राष्ट्राध्यक्ष शोयोम यांनी याच कारणावरून त्यांना सन्मान द्यायला नकार दिला. ही बाजू पण त्याच कागदावर लिहा.

शेवटी पंतप्रधानपदाचा काळ बघा, 1995 चं बोक्रोश पॅकेज (अर्थमंत्री बोक्रोश यांच्या नावाचं), म्हणजे हॉर्न यांच्या समाजवादी पक्षाच्याच सरकारने केलेली खर्चकपात, लोक चिडले, 1998 ला सत्ता गेली.